मुक्या सोबत्याच्या सांध्यांसाठी : रॅम्प निवडताना

दिवाळीची गर्दी सरली, दुकानातील नव्या वह्यांचे पूजन झाले, की वऱ्हाडातील व्यापारी कुटुंबांना चार दिवसांची उसंत मिळते. अमरावती, अकोला, परतवाडा येथील कितीतरी घरांची पावले तेव्हा चिखलदऱ्याकडे वळतात. परतवाडा ओलांडून गाडी घाट चढू लागली, की हवा बदलते, सागाचे रान जवळ येते आणि मागच्या काचेला नाक लावून बसलेला घरचा कुत्रा अधीर होतो. कुटुंबातील लहान मुलांइतकाच तोही या सहलीचा मानकरी असतो.

मात्र सात-आठ वर्षांनी अनेक घरांत हे चित्र बदलते. गाडी तीच, घाट तोच. पण कुत्रा दुकानातील माणसाच्या स्वाधीन करून कुटुंब निघते. विचारले तर उत्तर मिळते, “आता त्याला चढवत नाही. वय झाले.” वय झालेले असते हे खरे, परंतु अनेकदा अडचण केवळ अडीच फुटांची असते. गाडीच्या डिकीपासून जमिनीपर्यंतचे ते अंतर त्याला उडी मारून पार करता येत नाही, आणि तीस किलोचा कुत्रा रोज उचलणे घरातील कोणालाच झेपत नाही. हे अडीच फूट ओलांडण्याचे साधन म्हणजे रॅम्प, अर्थात गाडीला किंवा पलंगाला टेकवायची उताराची फळी. साधन साधे आहे, पण निवड चुकली तर ते घराच्या माळ्यावर धूळ खात पडते. म्हणून ते घेण्यापूर्वी थोडा हिशेब करणे हिताचे ठरते.

एका दिवसातील उड्या

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि तेथील प्रेक्षणीय ठिकाणे एकमेकांपासून अंतरावर विखुरलेली आहेत. देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल पॉइंट, शक्कर तलाव, गाविलगडाचा पायथा असा फेरफटका बहुतेक जण गाडीनेच करतात. प्रत्येक ठिकाणी थांबायचे, उतरायचे, पुन्हा बसायचे. वाटेत परतवाड्याचा चहा आणि शेवटी मुक्कामाचे ठिकाण धरले, तर एका दिवसात सात वेळा उतरणे आणि सात वेळा चढणे सहज होते. माणसाला त्यात काही वाटत नाही. डिकीत बसणाऱ्या कुत्र्यासाठी मात्र या चौदा उड्या असतात, आणि त्यांतील उतरण्याच्या सात उड्या अधिक घातक असतात.

याचे कारण शरीररचनेत आहे. उभ्या असलेल्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. माणसाच्या खांद्याला छातीशी जोडणारे हाड असते. कुत्र्याच्या पुढच्या पायांना धडाशी अशी हाडाची सांधणी नसते. ते केवळ स्नायू आणि कंडरांनी धडाशी बांधलेले असतात. उंचावरून उडी मारताना सगळे शरीर प्रथम या दोन पायांवर येऊन आदळते. मनगट, कोपर आणि खांदा यांना तो धक्का सोसावा लागतो. गाडीच्या डिकीएवढ्या उंचीवरून कुत्र्यांना उतरवून केलेल्या मोजमापांत उंची वाढते तसा पुढच्या पायांवरील आघातही वाढतो, असे दिसून आले आहे. चढताना उलट घडते. तेव्हा मागच्या पायांना जोर लावावा लागतो आणि खुबा व गुडघा यांवर ताण येतो.

तरुण, निरोगी कुत्र्याला अधूनमधून मारलेल्या उडीने काही होत नाही. प्रश्न सांध्यातील कूर्चेचा आहे. हाडांच्या टोकांवरील हे गुळगुळीत आवरण एकदा झिजले, की पूर्ववत भरून येत नाही. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत खुब्याचा सांधा जन्मतः नीट न बसण्याचा दोष, म्हणजे हिप डिसप्लेशिया, बराच आढळतो. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या व आखूड पायांच्या जातींत मणक्यांमधील चकत्या लवकर कडक होऊन सरकण्याचा धोका असतो. अशा कुत्र्यांसाठी वाया घालवलेली प्रत्येक उडी म्हणजे मुद्दलातून केलेला खर्च होय.

लांबी हाच खरा प्रश्न

बाजारात रॅम्प पाहताना नजर प्रथम किमतीकडे आणि नंतर घडी किती लहान होते याकडे जाते. वास्तविक पहिला प्रश्न लांबीचा असावा, कारण उताराचा चढ लांबीवरच ठरतो.

उंच बांध्याच्या मोटारीच्या डिकीची कड जमिनीपासून साधारण अडीच फूट असते. तिला चार फुटांची फळी टेकवली, तर चढ सुमारे ३९ अंशांचा होतो. तो जवळजवळ शिडीसारखा असतो. पाच फुटांच्या फळीने तो ३० अंशांवर येतो, सहा फुटांच्या फळीने २५ अंशांवर, आणि सात फुटांच्या फळीने २१ अंशांवर. माणसाच्या चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे सुमारे ५ अंशांचा उतार धरतात. चार पायांच्या प्राण्याला याहून बराच तीव्र चढ चढता येतो. तरीही ३० अंशांच्या पुढे रॅम्पचा लाभ उरत नाही. उतरताना सारा भार पुन्हा पुढच्या पायांवर येतो आणि कुत्रा शेवटचे दोन फूट उडी मारूनच संपवतो.

यावरून लक्षात ठेवण्याजोगा एक नियम काढता येतो. गाडीसाठी लांबी उंचीच्या अडीचपट असावी; वृद्ध, सांधे दुखणाऱ्या अथवा लांब पाठीच्या कुत्र्यासाठी ती तिप्पट असावी. दीड फूट उंचीच्या सोफ्याला साडेचार फूट आणि दोन फूट उंचीच्या पलंगाला सहा फूट फळी लागते. घरात एवढी जागा नसेल, तर पलंगाचे पाय कमी करून घेणे किंवा कुत्र्याची गादी खाली घालणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो.

चिखलदऱ्यासारख्या डोंगरी ठिकाणी गाडी कोणत्या तोंडाने उभी केली आहे, याचाही या हिशेबात वाटा असतो. सपाट जमिनीवर २५ अंशांचा होणारा रॅम्प ५ अंश उताराच्या रस्त्यावर कसा वागतो ते पाहावे. गाडीचे तोंड चढाकडे आणि डिकी उताराकडे असेल, तर रॅम्पचा चढ ३० अंशांवर जातो. तीच गाडी तोंड उताराकडे आणि डिकी चढाकडे अशी उभी केली, तर चढ २० अंशांवर येतो. फळी बदललेली नसते. फक्त गाडी वळवलेली असते. जवळ दगडी कठडा किंवा मातीचा उंचवटा असेल, तर रॅम्पचे खालचे टोक त्यावर टेकवूनही चढ कमी करता येतो. मात्र उतारावर हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून आणि चाकाला दगड लावूनच हे करावे.

पकड, रुंदी आणि भार

लांबीनंतरचा महत्त्वाचा प्रश्न पृष्ठभागाचा आहे. कुत्र्याने एकदा घसरण्याचा अनुभव घेतला, की पुढे महिनोन्‌महिने तो त्या फळीजवळ फिरकत नाही. गालिच्याचे आवरण घरातील सोफ्यासाठी चालते, पण घाटातील धुके आणि पावसात ते पाणी धरून ठेवते व निसरडे होते. खरखरीत सँडपेपरसारखी पट्टी पकड चांगली देते, परंतु रोजच्या वापरात पंजाच्या गाद्या सोलते. बाहेरच्या वापरासाठी बारीक खाचांचे रबर सर्वांत सोयीचे. ते ओले झाले तरी पकड सोडत नाही आणि पुसून लगेच कोरडे करता येते.

वऱ्हाडचा उन्हाळाही विसरता येत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना उन्हात ठेवलेली अॅल्युमिनियमची फळी पंजे भाजण्याइतकी तापते. अशी फळी वापरण्यापूर्वी तिच्यावर आपला तळहात पाच-सात सेकंद ठेवून पाहावा. हाताला सोसत नसेल ते पंजालाही सोसणार नाही.

रुंदी लहान कुत्र्यासाठी एक फूट आणि मोठ्यासाठी दीड फूट असावी. दोन्ही कडांना बोट-दोन बोट उंचीची कड असली, तर पाय बाहेर जात नाही आणि कुत्र्याला भरवसा वाटतो. भार पेलण्याची क्षमता कुत्र्याच्या वजनाच्या किमान दुप्पट असावी, कारण चालताना वजन एका जागी स्थिर राहत नाही. तीस किलोच्या कुत्र्यासाठी साठ किलो पेलणारा रॅम्प घ्यावा. फळी मध्यभागी लवत असेल तर ती मोडणार नसली तरी कुत्रा बिचकतो. दुकानात रॅम्प दोन टोकांवर टेकवून मध्यभागी हाताने जोर देऊन पाहावा.

शेवटी उचलणाऱ्याचाही विचार हवा. घरातील ज्येष्ठ स्त्रीला एकटीने काढता-घालता येणार नाही असा रॅम्प दुसऱ्या आठवड्यापासून गाडीत पडून राहतो. आठ-नऊ किलोंपर्यंतचे वजन बहुतेकांना झेपते. मधोमध घडी होणारा रॅम्प भक्कम असतो. एकात एक सरकणारा कमी जागा घेतो, पण त्याच्या सांध्यात वाळू अडकते. बिजागऱ्यांच्या फटीत पंजा किंवा नख अडकत नाही ना, हेही पाहून घ्यावे. वरच्या टोकाला रबरी पट्टी व गाडीच्या कडीला अडकवायचा पट्टा असणे अत्यावश्यक आहे. चढत्या कुत्र्याच्या पायाखालून रॅम्प एकदा सरकला, की शिकवलेले सारे वाया जाते.

सुताराकडून करून घेताना

तयार रॅम्प मनाजोगा न मिळाल्यास गावातील सुताराकडून करून घेणे अवघड नाही. येथे सागाचा मोह टाळावा; साग टिकाऊ असला तरी सहा फुटांची सागाची फळी उचलणे कष्टाचे होते. १२ मिलिमीटर जाडीचे, पाण्यात न उकलणारे प्लायवूड सहा फूट लांब व दीड फूट रुंद कापले, तर ते साधारण सहा-साडेसहा किलो भरते. त्याखाली लांबीच्या दिशेने दोन हलक्या पट्ट्या ठोकल्या म्हणजे लवचिकपणा जातो. वर रबराची चटई चिकटवावी, खालच्या टोकाची कड तासून जमिनीला मिळती करावी, आणि खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत. खिळा काही महिन्यांत डोके वर काढतो आणि पंजात रुततो.

वरचे टोक डिकीच्या कडीपेक्षा चार-सहा इंच आत जाईल इतकी लांबी मोजणीत आधीच धरावी. हा भाग विसरल्यामुळे घरी केलेले अनेक रॅम्प आखूड पडतात.

सवय लावण्याचे आठ-दहा दिवस

रॅम्प घरी आला त्याच दिवशी गाडीला लावून कुत्र्याला त्यावर ओढणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. पहिले दोन दिवस तो अंगणात सपाट पसरून ठेवावा आणि त्यावर त्याच्या आवडीचा घास ठेवावा. तो निर्धास्तपणे त्यावरून चालू लागला, की एका टोकाखाली एक वीट ठेवावी. मग दोन, मग तीन. त्यानंतर ओसरीची पायरी आणि शेवटी गाडी. चढणे आधी शिकवावे, उतरणे नंतर. कारण उतरतानाच त्याला अधिक भीती वाटते. गळ्यातील पट्ट्याने ओढू नये. छातीभोवती बसणारा कापडी हार्नेस घालून बाजूने सोबत चालावे, म्हणजे तोल गेला तर सावरता येते.

बक्षिसाचा घास लहान असावा. उकडलेल्या गाजराचा किंवा लाल भोपळ्याचा तुकडा पुरेसा आहे. मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी ठरतात. दिवाळीच्या फराळाच्या ताटातून मनुका त्याच्यापर्यंत पोहोचणार नाहीत याची काळजी घ्यावी.

हे शिक्षण कुत्रा चार-पाच वर्षांचा असतानाच उरकावे. दुखणे सुरू झाल्यावर नव्या वस्तूची भीती आणि वेदना एकत्र येतात आणि काम दुप्पट कठीण होते.

रॅम्पइतकेच मोलाचे

केवळ रॅम्प घेऊन सांधे वाचत नाहीत. सर्वांत मोठा भार कुत्रा स्वतःच्या अंगावर वाहत असतो. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर चौदा वर्षे चाललेल्या एका अभ्यासात प्रत्येक जोडीतील एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले गेले. अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी खाणारे कुत्रे मध्यमानाने १३ वर्षे जगले, तर भरपूर खाणारे ११.२ वर्षे, शिवाय त्यांच्यात सांध्यांची झीजही उशिरा सुरू झाली. जवळजवळ दोन वर्षांचे हे आयुष्य कोणत्याही औषधाने मिळालेले नव्हते.

या निष्कर्षाचा वऱ्हाडातील घरांशी जवळचा संबंध आहे. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याने दिलेले बिस्कीट, सकाळची तूप लावलेली पोळी, दुपारचे दूध, सणाची मिठाई हे सारे प्रेमापोटी दिले जाते आणि चरबीच्या रूपाने खुब्यावर बसते. कुत्र्याच्या बरगड्या दिसू नयेत, पण हलका हात फिरवताच बोटांना लागाव्यात; हे घरच्या घरी करण्याजोगे माप आहे. आहार शाकाहारी ठेवायचा असेल, तर प्रथिने व इतर घटकांचा तोल पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावा. पोळी-दूध म्हणजे पूर्ण आहार नव्हे.

दुसरी गोष्ट फरशीची. गुळगुळीत ग्रॅनाइट आणि चकचकीत टाइलवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात आणि प्रत्येक वेळी सांध्याला हिसका बसतो. त्याच्या नेहमीच्या वाटेवर रबरी चटई किंवा न सरकणारी सतरंजी अंथरावी, नखे वेळेवर कापावीत व पंजाच्या गाद्यांमधील केस छाटावेत. खाली दुकान आणि वर घर अशा जुन्या वास्तूंमध्ये कुत्रा दिवसातून दहा वेळा अरुंद जिना चढतो-उतरतो. तेथे जिन्याच्या तोंडाशी छोटे फाटक बसवणे गाडीच्या रॅम्पपेक्षाही अधिक उपयोगी पडते. पिल्लांच्या बाबतीत तर हे आणखी महत्त्वाचे आहे. नॉर्वेतील एका अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत जिन्यांवर वावरलेल्या मोठ्या जातींच्या पिल्लांत हिप डिसप्लेशियाचे प्रमाण अधिक, तर मऊ, उंचसखल मोकळ्या जागेत खेळलेल्यांत कमी आढळले.

याचा अर्थ कुत्र्याला बसवून ठेवावे असा नाही. सांध्यांभोवतीचे स्नायू चालण्यानेच बळकट राहतात. ब्रिटनमधील डॅशहुंड कुत्र्यांच्या मोठ्या पाहणीत भरपूर व्यायाम मिळणाऱ्यांत मणक्याचा त्रास कमी आढळला. उडी वाचवावी, चाल वाचवू नये. चिखलदऱ्याला पोहोचल्यावर लांबच्या प्रवासाने ताठरलेल्या कुत्र्याला आधी दहा मिनिटे सपाटीवर सावकाश, दोरी लावून चालवावे आणि मगच पुढचा बेत आखावा.

वेळीच ओळखावयाच्या खुणा

कुत्रा वेदना बोलून दाखवत नाही आणि बहुधा लपवतोच. गाडीजवळ येऊन उडीपूर्वी घुटमळणे, झोपेतून उठताना पहिली काही पावले अवघडून टाकणे, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र उचलणे, मनगट सारखे चाटणे, स्पर्श होताच गुरगुरणे, या त्याच्या तक्रारी असतात. त्या दिसताच पशुवैद्यकांकडून तपासणी आणि गरज असल्यास क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची अकोल्यातील स्नातकोत्तर संस्था आणि नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय या विदर्भाला जवळच्या संस्था आहेत. घरातील माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र कुत्र्याला कधीही देऊ नयेत. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांनी त्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला गंभीर इजा होऊ शकते.

मागचे पाय अचानक लुळे पडले, पाठ कमानीसारखी वाकली किंवा कुत्रा कळवळून ओरडला, तर रॅम्पवरही चालवू नये. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांखाली घेऊन पाठ सरळ राहील असे उचलावे आणि तातडीने डॉक्टर गाठावेत. मोठ्या कुत्र्यासाठी दोन माणसे किंवा झोळीसारखी चादर लागते.

चिखलदऱ्याच्या वाटेवर अनेक जैन कुटुंबे मुक्तागिरीचे दर्शनही घेतात. पायऱ्या चढून वंदना होईपर्यंत कुत्र्याला बंद गाडीत ठेवू नये. उन्हात उभी गाडी काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. कोणी तरी एकाने पायथ्याशी सावलीत त्याच्यासोबत थांबावे आणि पाळी बदलावी. या क्षेत्राचे दुसरे नाव मेंढागिरी. मुनींनी अंतकाळी णमोकार मंत्र ऐकवलेल्या एका मेंढ्याची कथा त्या नावामागे आहे. तेव्हा एका मुक्या जिवासाठी कोणी तासभर खाली थांबणे या डोंगराला परके वाटण्याचे कारण नाही.

खरेदीची पहिली पायरी अगदी साधी आहे. दुकानातील मोजपट्टी घेऊन गाडीच्या डिकीची उंची मोजावी, तिची अडीचपट किंवा तिप्पट करावी आणि आलेला आकडा कागदावर लिहून मगच बाजारात किंवा सुताराकडे जावे. त्या आकड्याहून आखूड फळी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पुढच्या दिवाळीनंतर घाट चढताना मागच्या काचेशी ते ओले नाक असेल की नसेल, हे बरेचसे त्या आकड्यावर अवलंबून आहे.